छत्रम् ते काप्पीडु : परक्याच्या आजारपणाचा हिशेब

चेन्नईच्या सौकारपेठेत मिंट स्ट्रीटला लागून ज्या चिंचोळ्या गल्ल्या आहेत, त्यांतून सकाळी अकराच्या सुमारास चालत गेले तर नाकात एक तिखट वास शिरतो. नवख्या माणसाला तो गटाराचा वाटतो. तो असतो नायट्रिक ॲसिडचा. वरच्या मजल्यांवरच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत सोने गाळण्याचे काम चाललेले असते आणि मूस हाताळणारा माणूस बहुधा मराठी बोलतो. विटे, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेले हे गलाई बांधव दक्षिणेतल्या जवळजवळ प्रत्येक सराफ पेठेत आहेत. वाचकांपैकी जे घराबाहेर, म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहतात, त्यांना ही माणसे मदुरैत, कोइमतुरात किंवा त्रिचूरमध्ये कुठेतरी भेटली असतीलच.

माझी या शहरातली ही दुसरी नेमणूक. पहिली २००८ ते २०१२ या काळातली. तेव्हाच सौकारपेठेत ओळखी झाल्या, आणि नोकरीतल्या इतर बऱ्याच ओळखींप्रमाणे त्या बदलीबरोबर संपल्या नाहीत. २०२३ साली अशाच एका ओळखीतून मला फोन आला. चौदा वर्षे चेन्नईत मूस हाताळणारा, चाळिशीतला एक गलाई कारागीर जिना चढताना बसून पडत होता. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेला होता, त्याने हृदयाची मिट्रल झडप खराब केली होती. एका खासगी रुग्णालयाने (नाव घेण्याचे कारण नाही) शस्त्रक्रियेसाठी जी अनामत मागितली ती ऐकून तो तिथूनच परत फिरला. त्याच्याकडे गावची केशरी शिधापत्रिका होती. ती दाखवून त्याने विचारले, "साहेब, गावचं कार्ड हितं चालत न्हाई, आन् हितलं कार्ड आमाला न्हाई. मग आमी नेमकं कुठलं म्हनायचं?"

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. सरकारी विमा योजनांवर मी टिपणे लिहिली आहेत, बैठकांतून बोललो आहे. या प्रश्नाचे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही. पुढचे काही महिने मी त्याचे कागद जमवीत होतो आणि त्याच वेळी, सवयीप्रमाणे, या प्रश्नाचा इतिहासही चाळत होतो. प्रस्तुत लेख त्यातून झाला.

सौकारपेठेहून उत्तरेला पायी जाण्याच्या अंतरावर स्टॅन्ले रुग्णालय आहे. उत्तर चेन्नईतल्या हमालांचे, कोळ्यांचे, गोदी कामगारांचे हे रुग्णालय. जुनी माणसे अजून त्याला 'कांजी तोट्टी आस्पत्तिरी' म्हणतात, म्हणजे पेजेच्या हौदाचा दवाखाना. हैदर अलीच्या स्वारीनंतर मद्रास प्रांतात दुष्काळ पडला आणि खेड्यांतून माणसे शहराकडे लोटली. १७८२ च्या सुमारास त्यांच्यासाठी इथे पेज वाटण्याचे ठिकाण उघडले गेले. त्याला मोनेगार चौल्ट्री असे नाव पडले. हे 'मोनेगार' म्हणजे 'मणियक्कारर', गावचा मुखिया, आपल्याकडच्या पाटलासारखा. चौल्ट्री म्हणजे धर्मशाळा. पेजेला आलेल्या माणसांत आजारी निघणारच. तेव्हा १७९९ मध्ये त्याला लागून एतद्देशीयांसाठी इस्पितळ सुरू झाले. धर्मशाळा, मग पेज, मग इस्पितळ आणि १९३८ साली वैद्यकीय महाविद्यालय, अशी ही वाढ आहे. पेजेच्या रांगेत उभे राहणाऱ्याला गाव विचारण्याचे कारण नव्हते, कारण गाव सोडून आलेल्यांसाठीच ती रांग होती.

धर्मशाळेतून दवाखाना निघावा ही कल्पना कंपनीच्या डॉक्टरांनी विलायतेहून आणली, असे मात्र समजू नये. चेन्नईहून दक्षिणेला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर तंजावर आहे, आणि तंजावरात आपलीच माणसे राज्य करीत होती. व्यंकोजीराजांपासून चालत आलेल्या या भोसले घराण्याने काशीहून रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवर छत्रे बांधली. आपण ज्याला अन्नछत्र म्हणतो तोच हा शब्द. मूळ संस्कृत 'सत्र', तमिळमध्ये 'सत्तिरम्'. बहुतेक छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र, ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र. या दुसऱ्याच्या नावावरून त्या गावालाच पुढे मुक्तांबाळपुरम् म्हणू लागले. मी ते पाहिले तेव्हा भिंतीतून पिंपळ निघाले होते आणि दगडी जोत्यावर कोरलेली चाके व घोडे मात्र धावत्या अवस्थेत शाबूत होते.

सरफोजी राजे (दुसरे) यांची कारकीर्द १७९८ ते १८३२. गादीवर आल्यावर पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ मध्ये, तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे राहिला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. आता कारभार दुसऱ्याच्या हाती गेला की पहिली कात्री धर्मादाय खर्चाला लागते, हे कुठल्याही काळातल्या हिशेबनिसाला सांगावे लागत नाही. छत्रांना लावून दिलेल्या जमिनी कंपनीच्या डोळ्यांवर येणार हे राजांनी ओळखले. जानेवारी १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला एक लांब पत्र लिहिले. कारभाराचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा वाचावे असे आहे.

पत्राचा हेतू सरळ आहे : छत्रे आणि त्यांच्या जमिनी आमच्या देखरेखीखाली राहू द्याव्यात. पण ती मागणी करताना राजांनी छत्रांत काय काय होते याची यादी दिली आहे, आणि ती यादी एखाद्या आधुनिक योजनेच्या मार्गदर्शक सूचनांसारखी आहे. वाटसरूला अन्न मिळते, त्यात सर्व जातींचे आणि पंथांचे लोक येतात. छत्रात शिक्षक आहे. रोग, सूज आणि सर्पविष यांवर उपचार करणारे वैद्य आहेत. वाटेत आजारी पडलेल्या प्रवाशाला औषध व पथ्याचे अन्न देऊन बरा होईपर्यंत ठेवून घेतले जाते. परमुलखातून आलेल्यांची मुले अनाथ झाली तर ती शिक्षकाच्या ताब्यात देऊन वाढवली जातात. गर्भवती प्रवासी स्त्रीचे बाळंतपण तिथेच होते. मेलेल्याचे अंत्यविधी होतात. तंजावरला धर्मराज्य म्हणून जो लौकिक आहे तो यामुळे, असा राजांचा युक्तिवाद.

पत्र अर्थातच एका पक्षकाराचे आहे. प्रत्यक्षात प्रत्येक छत्रात वैद्य हजर असे की पगारपत्रकावरच असे, हे त्यावरून ठरवता येणार नाही (हा प्रश्न मला आजच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांबद्दलही पडतो). जातीची उतरंड तिथे होतीच आणि वेदविद्येचा लाभ कोणाला मिळे हेही स्पष्ट आहे. पण अर्थशास्त्राच्या माणसाला त्यात एक गोष्ट ठळकपणे दिसते. छत्राचा हक्कदार कोण, याचे उत्तर 'जो दारात आला तो' असे आहे. उत्पन्न विचारलेले नाही, राहण्याचा पुरावा विचारलेला नाही. खर्च भागतो तो नेमून दिलेल्या जमिनीच्या धान्यातून, म्हणजे लाभार्थी वाढले की पैसा वाढत नाही. जे आहे ते वाटून संपवायचे. राजांचे वैद्यकाचे वेड सर्वश्रुत आहे. धन्वंतरी महालात त्यांनी निरनिराळ्या पद्धतींच्या वैद्यांना एकत्र बसवले, अनुभवसिद्ध औषधांचे तमिळ पद्यात ग्रंथ करवून घेतले. नेत्ररोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महालात आजही आहेत. पण माझ्या मते त्यांचे मोठे काम धन्वंतरी महालापेक्षा छत्रांचे हे पत्र होय, कारण त्यात वैद्यकाची नव्हे तर कारभाराची बुद्धी आहे.

त्याच काळी इंग्लंडात काय चालले होते तेही पाहण्यासारखे आहे. तिथे १६६२ च्या वसाहत कायद्याने गरिबांना मदत देण्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्या पॅरिशवर, म्हणजे मूळ गावावर टाकली होती. परगावचा गरीब माणूस आपल्या खर्चात पडेल अशी शंका आली तर पॅरिशचे अधिकारी त्याला हुसकून मूळ गावी पाठवू शकत. ॲडम स्मिथने १७७६ साली 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये या कायद्यावर कठोर टीका केली. मजुराला मजुरी मिळेल तिथे जाऊ न देणारा कायदा हा अन्याय तर आहेच, शिवाय वेडगळपणा आहे, अशा आशयाची. एम.ए.ला असताना आम्ही हे प्रकरण परीक्षेसाठी वाचले होते. सौकारपेठेतल्या त्या जिन्यावर ते मला परत आठवले.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. कंपनीने मद्रास इलाख्यातील देवस्थाने, छत्रे, पूल वगैरेंच्या इनामांवर देखरेख ठेवण्यासाठी १८१७ चा सातवा रेग्युलेशन आणला. वर महसूल मंडळ आणि खाली स्थानिक प्रतिनिधी म्हणून कलेक्टर. दानधर्म प्रथमच फायलीत आला. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि तंजावरचे राज्य संपले. छत्रांचा कारभार कालांतराने जिल्ह्याच्या स्थानिक मंडळाकडे गेला. जेवणाच्या पंगती आखडल्या आणि शाळा व दवाखाने टिकले. तंजावर शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाचे नाव अजून 'राजा मिरासदार' असे आहे; राजघराणे आणि शेतजमिनींचे मिरासदार या दोघांच्या दानाची ती खूण. सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत मद्रास इलाखा पुढे होता यात शंका नाही. सार्वजनिक आरोग्याचा सर्वंकष कायदा देशात प्रथम झाला तो इथेच, १९३९ साली.

विम्याची कुळी वेगळी आहे. १८८३ मध्ये बिस्मार्कने जर्मनीत कामगारांचा आजारपणाचा विमा सुरू केला. त्याचे मूळ तत्त्व असे की जो वर्गणी भरतो तो हक्कदार. आपल्याकडे त्या वळणाची पहिली मोठी योजना म्हणजे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा. तिचा आरंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे झाला. १९५४ मध्ये आम्हा केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना आली, जिचे कार्ड आजही माझ्या खिशात आहे. दोन्हींत मासिक वेतन हवे, आस्थापना हवी. गलाईच्या खोलीत मूस असते, आस्थापना नसते.

ज्याला वेतन नाही आणि वर्गणी भरण्याची ऐपतही नाही त्याच्या वतीने सरकारनेच विम्याचा हप्ता भरावा, ही कल्पना दक्षिणेत रुजली ती आंध्र प्रदेशच्या आरोग्यश्रीपासून, एप्रिल २००७ मध्ये. तमिळनाडूने २३ जुलै २००९ रोजी कलैञर काप्पीट्टु तिट्टम् सुरू केला तेव्हा मी या शहरात होतो. 'काप्पीडु' हा विम्याचा तमिळ शब्द मला फार आवडतो. 'काप्पु' म्हणजे संरक्षण आणि 'ईडु' म्हणजे भरपाई, बरोबरी, तारणही. आपण फारसीतून आलेल्या 'विमा'वर भागवले. इथल्या लोकांनी घरचा शब्द घडवला. कुटुंबामागे वर्षाला ४६९ रुपये हप्ता सरकार एका खासगी विमा कंपनीला देई, आणि चार वर्षांत मिळून एक लाख रुपयांपर्यंतच्या ठरावीक मोठ्या शस्त्रक्रिया विनाशुल्क होत. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ७२,००० रुपये.

त्या दिवसांत एका बैठकीसाठी मी एक टिपण तयार केले होते. इतर राज्यांतून आलेल्या मजुरांना अशा योजनेत घ्यावे की नाही, असा मुद्दा होता. मी लिहिले की घेऊ नये. कारणे पाठ्यपुस्तकातली होती. जो आजारी आहे तोच नेमका नोंदणीला येईल, विमा कंपनी पुढच्या निविदेत हप्ता वाढवील, आणि शेवटी राज्याच्या करदात्याने शेजारच्या राज्याचा भार का उचलावा. टिपण नीटनेटके होते, वरिष्ठांनी त्याचे कौतुकही केले. आज ते काढून वाचले तर त्यात मला १६६२ चा इंग्रज पॅरिश अधिकारी बोलताना ऐकू येतो. माझ्या टिपणाने काही ठरले असा माझा दावा नाही. सरकारात एका टिपणाने फारसे काही ठरत नसते, आणि हे क्वचित दिलासा देणारेही असते.

मे २०११ मध्ये सत्तांतर झाले. या शहरात सत्तांतराचे परिणाम दगडविटांतही दिसतात : ओमंदुरार इस्टेटीत नवे विधानसभा-सचिवालय म्हणून २०१० साली ज्या इमारतीचे उद्घाटन झाले होते, तीच २०१४ मध्ये बहुविशेषज्ञ सरकारी रुग्णालय झाली. विमा योजनाही बंद झाली आणि नव्या नावाने उभी राहिली. ११ जानेवारी २०१२ रोजी मुख्यमंत्र्यांची सर्वंकष आरोग्य विमा योजना सुरू झाली. या वेळी निविदा मिळाली युनायटेड इंडिया इन्शुरन्सला, म्हणजे चेन्नईतच मुख्यालय असलेल्या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीला. (महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले योजनेचे काम २०२० मध्ये याच कंपनीकडे आले, म्हणजे गडचिरोलीच्या रुग्णाचा हप्ताही एका अर्थी चेन्नईला येऊ लागला.) संरक्षण आता वर्षाला एक लाख, काही उपचारांसाठी दीड लाख. उपचारांची यादी १,०१६ ची. हप्ता ४९७ रुपये आणि कुटुंबे १ कोटी ३४ लाख; गुणाकार केला तर वर्षाला सुमारे ६६६ कोटी रुपये. पुढे हप्ता २०१७ मध्ये ६९९ आणि २०२२ मध्ये ८४९ रुपये झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्याशी जोडली गेली आणि संरक्षणाची मर्यादा पाच लाखांवर गेली. उत्पन्नाची मर्यादाही नंतर १,२०,००० रुपये करण्यात आली.

स्थानिक अधिकाऱ्याच्या दृष्टीने योजनेचा व्यवहार असा चालतो. गावच्या प्रशासकीय अधिकाऱ्याचा किंवा महसूल खात्याचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि आधार घेऊन कुटुंबप्रमुखाने जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नोंदणी केंद्रात जायचे. तिथे छायाचित्र होते आणि नोंदणी क्रमांक मिळतो. ज्या माणसाला गावचा अधिकारी ओळखतो त्याचे काम एका दिवसात होते, हे मी स्वतः पाहिले आहे. आणि योजनेच्या नियमांत, माझ्या त्या टिपणाची पर्वा न करता, काही जास्तीच्या ओळी आहेत. अनाथांना घेता येते. छावण्यांतल्या श्रीलंकन निर्वासितांना उत्पन्नाच्या मर्यादेशिवाय घेता येते. आणि इतर राज्यांतून आलेल्यांना, सहा महिन्यांहून अधिक काळ इथे वास्तव्य असल्याचा योग्य अधिकाऱ्याचा दाखला असेल तर, घेता येते. या ओळी प्रथम वाचल्या तेव्हा मी १८०१ चे पत्र पुन्हा उघडून शेजारी ठेवले. अनाथ, निराश्रित, वाटसरू : माणसे तीच आहेत. फरक एवढाच की छत्राच्या दारात वैद्य बसे, इथे दाराआधी दाखला देणारा बसतो.

आपल्या महाराष्ट्राची गोष्टही सांगितली पाहिजे. १९९७ ची जीवनदायी योजना, मग २ जुलै २०१२ पासून आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, ९७२ उपचार, दीड लाखाचे संरक्षण, पिवळी व केशरी शिधापत्रिका हाच पुरावा. २०१३ मध्ये ती राज्यभर झाली, २०१७ मध्ये तिला जोतिरावांचे नाव मिळाले, आणि २०२३ च्या निर्णयाने पाच लाखांची मर्यादा व सर्व शिधापत्रिकाधारक असा तिचा विस्तार झाला. कागदाचा जाच महाराष्ट्रात तमिळनाडूपेक्षा कमी आहे. वेगळा उत्पन्नाचा दाखला लागत नाही आणि रुग्णालयातच आरोग्यमित्र बसतो. पण अंगीकृत रुग्णालये मुख्यतः राज्यातलीच. केंद्राच्या योजनेत देशभर कुठेही उपचार घेता येतात खरे, पण तिचा मूळ आधार २०११ ची सामाजिक-आर्थिक गणना. गणना झाली तेव्हा आमच्या कारागिराचे गावचे घर कुलूपबंद होते. तो इथे, मुशीपाशी होता.

याचे मूळ घटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे असे मला वाटते. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्यसूचीत, सहाव्या नोंदीत. विमा संघसूचीत. आंतरराज्य स्थलांतर, जे आरोग्याच्या प्रश्नाला चिकटूनच येते, तेही संघसूचीत, ८१ व्या नोंदीत. गंमत अशी की राज्यसूचीची सातवी नोंद, रुग्णालयांच्या अगदी पुढची, तीर्थयात्रांची आहे. घटनाकारांच्या मनात छत्रे नसतील, पण यात्रेकरू आणि रुग्ण हे यादीत लागोपाठ आले. पोटासाठी आलेला मजूर मात्र दुसऱ्या यादीत गेला.

आता या गोष्टीतल्या कळीच्या मुद्द्याकडे येतो. तमिळनाडूत सरकारी रुग्णालयात कार्ड नसले तरी उपचार मिळतात आणि तेही विनाशुल्क. औषधांचा पुरवठा करणारे इथले वैद्यकीय सेवा महामंडळ १९९५ पासून काम करते आहे आणि त्याचा कित्ता इतर राज्यांनी गिरवला. मग कार्ड हवे कशाला? उत्तर असे की विमा योजनेत सरकारी रुग्णालयेही खासगी रुग्णालयांप्रमाणे दावे सादर करतात. रुग्णाच्या कार्डावर जे पैसे मिळतात ते रुग्णालयाच्या खात्यात येतात, त्यातून उपकरणे येतात, विभाग सुधारतो, कर्मचाऱ्यांनाही वाटा मिळतो. अवयव प्रत्यारोपणासारख्या महाग उपचारांसाठी वेगळा निधी उभा राहतो. पैसा रुग्णाच्या मागोमाग चालतो, ही अर्थशास्त्रज्ञांची आवडती रचना, आणि तिने इथल्या सरकारी रुग्णालयांचे भले केले आहे हे मी निःशंकपणे सांगेन.

पण पैसा रुग्णाच्या मागोमाग चालू लागला की ज्याच्यामागे पैसा नाही असा एक रुग्ण तयार होतो. पेजेच्या हौदापाशी सगळेच सारखे फुकटे होते. आता वॉर्डात दोन खाटांवर दोन माणसे असतात : एक दावा आणणारा, दुसरा न आणणारा. कुणी दुसऱ्याला हाकलत नाही. डॉक्टर वाईट नाहीत, परिचारिका तर नाहीतच. फक्त प्रत्येक फेरीला कोणीतरी विचारते, "कार्ड आले का?" झडप बाहेरून विकत घ्यावी लागते, तिचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हा रास्त प्रश्न असतो, आणि तारीख एका आठवड्याने पुढे जाते. यात दोष कोणाचा हे सांगता येत नाही. रचनेतच तो उतार आहे.

आमच्या माणसाच्या बाबतीत हेच घडले. तो शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात दाखल झाला आणि मी वास्तव्याच्या दाखल्यामागे लागलो. चौदा वर्षे राहूनही सहा महिन्यांचा पुरावा नव्हता. खोली मालकाची, वीजबिल मालकाचे, भाडेकरार मागितला तर खोली जाईल अशी भीती. मालकाने पत्र दिले, पण एका कार्यालयात ते पत्र तमिळमध्ये हवे म्हणून परत आले. तमिळमध्ये करून नेले तर नावाचा घोळ. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. त्याच्या आडनावातला 'घ' तिथे 'क' झाला होता आणि आधारवर तो इंग्रजीत होता तसाच होता. दोन माणसे वेगळी, असा शेरा पडला. तंजावरच्या मराठी कारकुनांनी दीडशेहून अधिक वर्षे तमिळ गावांची आणि माणसांची नावे मोडीत लिहिली. तेव्हा अशा प्रसंगी काय करीत असतील, असा विचार करीत मी त्या बाकावर दोन तास बसलो होतो. राजपत्रित अधिकारी म्हणून मी आयुष्यात हजारो कागदांवर सही-शिक्का केला आहे. या एका कागदावर माझ्या शिक्क्याला किंमत नव्हती, आणि नियमाने ते बरोबरच होते.

दरम्यान त्याची प्रकृती ढासळली तेव्हा त्या रुग्णालयातल्या एका शल्यविशारदाने कार्डाची वाट न पाहता शस्त्रक्रिया केली. झडपेचे पैसे काही अंशी सौकारपेठेतल्या गलाई बांधवांनी काढले, उरलेले रुग्णालयाने आपल्या कुठल्याशा निधीतून भागवले. डॉक्टरांना मी धन्यवाद द्यायला गेलो तर ते फाइल बघत म्हणाले की रक्त पातळ ठेवण्याची गोळी याला आयुष्यभर घ्यावी लागेल आणि दर महिन्याला तपासणी. तेवढे कार्ड करून घ्या.

कार्ड शस्त्रक्रियेनंतर अकराव्या दिवशी आले. त्यावर त्याचे नाव तमिळमध्ये 'क'नेच आहे. परवा मी गेलो तेव्हा तो खालच्या मजल्यावरच्या खोलीत बसला होता. मुशीचे काम आता त्याचा पुतण्या करतो, तो फक्त वजन आणि हिशेब पाहतो. भिंतीवरच्या खिळ्याला एका प्लास्टिकच्या पिशवीत दोन्ही कार्डे अडकवलेली होती, गावचे केशरी आणि इथले. पुढच्या महिन्यात तो जत्रेसाठी गावी जाणार आहे. तिकडे रक्त तपासायची वेळ आली तर कुठले कार्ड दाखवायचे, असे त्याने मला विचारले. मी म्हणालो, दोन्ही बरोबर ठेव.